बादशहा, घुबड आणि म्हैस

इगतपुरीला एकदा पाऊस लागला की घराच्या भिंतींनाही घाम फुटतो. कपाटातली पुस्तकं बाहेर काढायची, एकेक उघडून पंख्याखाली धरायची आणि पुन्हा लावून ठेवायची, हा जुलै-ऑगस्टमधला माझा ठरलेला उद्योग. निवृत्तीनंतर मी इथं राहायला निघालो, तेव्हा बँकेतल्या मित्रांनी निरोपसमारंभात माझी यथेच्छ थट्टा केली होती. कसाऱ्याहून घाट चढताना गाडीला मागून जोर द्यायला जी जादा इंजिनं लावतात, त्यांना रेल्वेच्या भाषेत 'बँकर' म्हणतात. गाडी वर चढली की इगतपुरीला बँकर सोडून देतात आणि गाडी पुढं निघून जाते. मित्र म्हणाले, "तू अगदी योग्य जागी चाललास. काम संपलेल्या बँकरची जागा तीच!" मीही हसलो. आपल्यावरची थट्टा हसून घेता येते हे जगाला दाखवण्याची ती संधी होती. ते मला नेहमीच जमलं होतं असं मात्र नाही. पण ते पुढं सांगतो.

तर यंदाच्या पावसात पुस्तकं वाळवताना एक जाड पुस्तक हाती आलं. माझी मुलगी आयर्लंडमध्ये डब्लिनला असते. तिथं चेस्टर बीटी नावाचं एक संग्रहालय आहे. या बीटीसाहेबानं खाणींच्या धंद्यात पैसा केला आणि तो जगभरातल्या हस्तलिखितांवर आणि चित्रांवर खर्च केला. आपल्या मुघल दरबारातली कितीतरी उत्तम लघुचित्रं आज तिथं आहेत. मुलीनं त्यांचं पुस्तक मला आणून दिलं होतं. दमटपणानं त्याची पानं एकमेकांना चिकटली होती. हलक्या हातानं ती सोडवताना एक चित्र समोर आलं, आणि चहा घेऊन आलेली बायको तिथंच थबकली.

"अहो, हा बादशहा पृथ्वीच्या गोळ्यावर उभा राहून मेलेल्या माणसाला बाण का मारतोय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. चित्रात जहांगीर बादशहा आहे. भरजरी पोशाख, गळ्यात मोत्यांच्या माळा, डोक्यामागं तेजोवलय. तो एका पृथ्वीगोलावर उभा आहे, तो गोल एका बैलाच्या पाठीवर आणि बैल एका माशाच्या पाठीवर. बादशहानं धनुष्य ताणलं आहे. समोर भाल्याच्या टोकावर एक कापलेलं मुंडकं खोचलेलं आहे, सावळ्या रंगाचं. त्या मुंडक्यावर घुबड बसलं आहे. वर ढगांतून युरोपीय चित्रांत असतात तशी पंखवाली बाळं बादशहाला शस्त्रं पुरवताहेत. बाजूला न्यायाची साखळी आणि तराजू. मोकळ्या जागांत मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत स्तुतीच्या फारसी ओळी. आणि हे सगळं वीतभर कागदावर! चित्रकार अबुल हसन, काळ 1616 च्या सुमाराचा.

आता बायकोच्या प्रश्नाचं उत्तर. तो माणूस मेलेलाच नव्हता. ते मुंडकं आहे मलिक अंबरचं, म्हणजे आपल्या मराठी मुलखातल्या निजामशाहीच्या वजिराचं. हे चित्र रंगवलं जात होतं तेव्हा मलिक अंबर धडधाकट होता आणि त्यानंतर आणखी सुमारे दहा वर्षं जगला. 1626 मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, तो आपल्या मरणानं मेला. खुलताबादेत त्याची कबर आहे. त्याचं मुंडकं जहांगीराला कधीच मिळालं नाही. जे रणांगणावर साधलं नाही, ते बादशहानं कागदावर करून घेतलं.

मलिक अंबरची हकीकत आपल्याकडे शाळेत दोन ओळींत संपते. तो मूळचा आफ्रिकेतल्या हबशी मुलखातला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला आणि हात बदलत बदलत दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. या विकत घेतलेल्या माणसानं पुढं अख्खी निजामशाही खांद्यावर पेलली. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला, तेव्हा राज्य बुडालं असंच सगळे धरून चालले होते. पण यानं राजघराण्यातला एक वारस गादीवर बसवला, मराठे सरदार हाताशी धरले, गनिमी काव्यानं मुघलांना जेरीस आणलं. त्याची जमीनमहसुलाची पद्धत इतकी घडीव होती, की तिचं नाव पुढं कित्येक पिढ्या निघत राहिलं. 1610 मध्ये त्यानं खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. 1616 मध्ये मुघलांनी त्याचा मोठा पराभव केला, खडकी लुटली आणि जाळली. चित्र त्याच सुमाराचं आहे. दिल्ली-आग्र्याला वाटलं असेल, संपला! पण तो पुन्हा उठला. 1624 मध्ये नगरजवळ भातवडीला त्यानं मुघल आणि आदिलशाही या दोघांच्या एकत्र फौजेला धूळ चारली. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढत होते, आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच कामी आले.

इगतपुरीच्या माणसाला हा इतिहास लांबचा वाटू नये. पावसाची उघडीप झाली की इथून त्रिंगलवाडीचा डोंगर दिसतो. पायथ्याशी जैन लेणं, वर कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि दाराशी कोरलेला भलामोठा मारुती. अंबरनंतर दहा वर्षांनी, 1636 मध्ये, शहाजीराजांनी घाटाखालच्या माहुली किल्ल्यावरून तह केला आणि निजामशाही संपली. मुघलांच्या हवाली करायच्या किल्ल्यांच्या यादीत जुन्नर आणि त्र्यंबक यांच्याबरोबर त्रिंगलवाडीचंही नाव होतं. म्हणजे चित्रातलं ते मुंडकं ज्या राज्याचं डोकं होतं, त्या राज्याचा शेवट आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरापर्यंत येऊन झाला.

जहांगीर स्वतः दख्खनमध्ये येऊन अंबरशी कधी लढला नाही. आपल्या आत्मचरित्रात मात्र अंबरचं नाव निघालं की त्याच्या रंगावरून, नशिबावरून एखादी शिवी त्याच्या लेखणीतून सुटतेच. चित्रातलं घुबड ही त्याच शिवीची रंगीत आवृत्ती. म्हणजे हे चित्र उपहासाचं आहे, राजकीय आहे, आणि तो उपहास आहे जगातल्या सर्वांत श्रीमंत बादशहानं एका माजी गुलामाचा केलेला.

आणि इथंच गंमत आहे. चारशे वर्षांनी इगतपुरीतल्या एका बाईनं चहाचा कप हातात धरून ते चित्र पाहिलं, तेव्हा तिला हसू आलं ते कुणाचं? मलिक अंबरचं नाही. बादशहाचं! एवढी साखळी, तराजू, बाळं, गोल, बैल, मासा, सगळी सृष्टी मदतीला घेतली, तरी नेम धरायचा तो कागदावरच्या मुंडक्यावर. आपण ज्याला हरवू शकत नाही त्याची टवाळी करायला गेलं, की टवाळी उलटते. फक्त कधी कधी ती उलटायला चारशे वर्षं लागतात.

याच अबुल हसननं पुढं दोनेक वर्षांनी जहांगिराचं दुसरं एक स्वप्न रंगवलं. ते चित्र आज वॉशिंग्टनला आहे. त्यात जहांगीर इराणच्या शहा अब्बासला मिठी मारतो आहे. पुन्हा पायाखाली पृथ्वीगोल. जहांगिराच्या पायाखाली सिंह, अब्बासच्या पायाखाली मेंढी. दोघंही प्राणी गुण्यागोविंदानं पहुडलेले, पण नीट पाहिलं तर सिंहानं हिंदुस्थानातून अंग ताणत ताणत मेंढीला पार पश्चिमेकडं रेटलं आहे. खरं म्हणजे हे दोन बादशहा आयुष्यात एकदाही भेटले नाहीत. आणि ज्या कंदाहारवर दोघांचाही डोळा होता, ते अब्बासनं 1622 मध्ये जहांगिराकडून घेतलं. एक शत्रू, जो मारता आला नाही. एक मित्र, जो भेटलाच नाही. दोन्ही कामं चित्रकाराकडून करून घेतली.

अबुल हसनच्या मनात काय होतं? जहांगिरानं त्याला 'नादिर-उझ-जमान', म्हणजे युगातला दुर्मीळ पुरुष, असा किताब दिला होता. तो दरबाराच्याच सावलीत वाढलेला. त्याला धन्याची टिंगल करायची होती असं म्हणायला काही आधार नाही. पण सिंहाला तेवढं लांब ताणून रंगवताना त्याचा हात क्षणभर थांबला असेल का, हा प्रश्न माझ्यासारख्या कादंबरीकाराला पडतोच.

लघुचित्र म्हणजे नुसतं लहान आकाराचं चित्र नव्हे. हातकागदाचे थर खळीनं एकावर एक चिकटवायचे आणि गुळगुळीत दगडानं किंवा शंखानं घोटून घोटून तो कागद चकचकीत करायचा. त्याला वसली म्हणतात. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. जमिनीवर बसून, कागद मांडीवर घेऊन, श्वास रोखून काम करायचं. असं चित्र भिंतीवर टांगायचं नसतं. ते हातात घेऊन, डोळ्यांजवळ आणून वाचायचं असतं. फलकावरची घोषणा रस्त्यावरून जाताना दिसते. लघुचित्रातली खोच वाकल्याशिवाय दिसत नाही. आणि सत्ताधाऱ्यांना वाकायची सवय नसते, हे तर आपण रोज बघतो.

बादशहाच्या हौसेसाठी जन्मलेली ही कला गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बादशहांच्याच मागं लागली आहे. याचं मुख्य केंद्र आहे लाहोरचं नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स. या संस्थेचं आपल्याशी जुनं नातं आहे. तिचे पहिले प्राचार्य लॉकवुड किपलिंग हे 1875 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून तिकडं गेले. 'जंगल बुक'वाल्या रडयार्ड किपलिंगचे ते वडील. तिथं बशीर अहमद या गुरूंनी लघुचित्रांचं शिक्षण पुन्हा पद्धतशीर सुरू केलं. त्यांची विद्यार्थिनी शाझिया सिकंदर हिनं नव्वदच्या आसपास लघुचित्राच्या जुन्या चौकटीत आजचं घर, आजची मुलगी आणून बसवली. तिच्यामागून एक पिढीच्या पिढी त्या वाटेला लागली.

त्यातल्या सायरा वसीम या बाईंचं काम पाहा. 11 सप्टेंबर 2001 नंतर अमेरिकेचे अध्यक्ष बुश आणि पाकिस्तानचे लष्करशहा मुशर्रफ यांची अचानक गट्टी जमली. सायरानं ती मैत्री रंगवली, आणि त्यासाठी रचना उचलली ती जहांगीर-अब्बासच्या त्याच मिठीची! जहांगीर ज्या चित्रावर खूश झाला असेल, त्याच मांडणीत आजचे दोन सत्ताधीश उभे केले की चित्र आपोआप बोलू लागतं. वेगळं व्यंग काढायची गरजच राहत नाही.

इम्रान कुरेशीचा बाज निराळा. मुशर्रफ यांनी 'प्रबुद्ध संयम' नावाचं एक धोरण जाहीर केलं होतं. आम्ही आधुनिक आहोत, मवाळ आहोत, असं जगाला सांगण्यासाठी. कुरेशीनं त्या शब्दांची उलटापालट करून 2006 पासून 'संयमी प्रबोधन' अशा अर्थाच्या नावाची एक चित्रमालिका केली. त्यात दाढीवाली, पारंपरिक पोशाखातली साधी माणसं आहेत. कुणी व्यायाम करतं आहे, कुणी साबणाचे फुगे उडवतं आहे. जगाला ज्यांच्या नुसत्या चेहऱ्याची भीती वाटते अशी माणसं, अशा निरागस उद्योगांत! मग डोळे आणखी जवळ नेले की कुठंतरी मोज्यांवर लष्करी गणवेशाची चट्ट्यापट्ट्यांची नक्षी दिसते, आणि आलेलं हसू अर्ध्यावर थांबतं. हा टोला कुणाला? दाढीला घाबरणाऱ्या आपल्याला, की कपड्यांत नकळत शिरलेल्या लष्कराला? दोघांनाही.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ वाढलेल्या अमृत आणि रबिंद्र कौर सिंग या जुळ्या बहिणींची गोष्टही अशीच. विद्यापीठात त्यांना सांगितलं गेलं, की हिंदुस्थानी लघुचित्रं हा जुनाट प्रकार आहे, आजच्या कलेत त्याला स्थान नाही. दोघी हट्टाला पेटल्या. 1984 मधल्या सुवर्णमंदिरावरच्या कारवाईपासून इराकच्या युद्धातल्या बुश-ब्लेअर जोडीपर्यंत सगळं त्यांनी लघुचित्रांच्या शैलीत आणलं. 2011 मध्ये त्याच ब्रिटिश राज्यसत्तेनं त्यांना सन्मान दिला. दरबाराला चित्रकार हवेसे वाटतात, ही जुनीच रीत आहे.

मग आपल्याकडे, महाराष्ट्रात, असं का झालं नाही? झालं, पण वेगळ्या कागदावर. वसलीऐवजी वर्तमानपत्राचा कागद आला आणि खारीच्या केसांऐवजी निब. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांचा कोट घातलेला सामान्य माणूस 1951 पासून मुंबईच्या वर्तमानपत्रात रोज येऊ लागला, तोही एका बोटभर चौकटीत. आकारानं ते लघुचित्रच. 1960 च्या ऑगस्टमध्ये ठाकरे बंधूंनी 'मार्मिक' काढला आणि मराठी घरांना राजकीय व्यंगचित्राची चटक लागली. आमच्या घरी 'मार्मिक' आला की वडील आधी चित्रं पाहायचे आणि मग आमच्या हाती द्यायचे. पुढं त्याच कुंचल्यातून एक राजकीय पक्ष उभा राहिला आणि व्यंगचित्रकार स्वतःच सत्ताकेंद्र झाले. व्यंगचित्राच्या इतिहासात असं उदाहरण जगात दुसरं क्वचितच सापडेल.

पण हसण्याची किंमतही आपल्याकडे मोजावी लागते. असीम त्रिवेदी या तरुण व्यंगचित्रकाराला 2012 च्या सप्टेंबरात मुंबईत अटक झाली. चित्रांबद्दल राजद्रोहाचं कलम लावलं गेलं. देशभर ओरड झाल्यावर ते मागं घेतलं गेलं, आणि 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पोलिसांना बजावलं, की हे कलम असं ऊठसूट लावता येणार नाही.

त्याच 2012 मध्ये आणखी एक चित्र गाजलं. शंकर यांचं 1949 चं व्यंगचित्र. घटनेचं काम सावकाश चाललं म्हणून गोगलगायीवर बसलेले डॉ. आंबेडकर, आणि त्यांच्या मागं चाबूक उगारलेले पंडित नेहरू. चित्रात आंबेडकरांच्याही हातात चाबूक आहे. ते एका पाठ्यपुस्तकात छापलेलं होतं. संसदेत गदारोळ झाला, पुण्यात प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोडीचं समर्थन करता येणार नाही. पण माझ्या एका दलित सहकाऱ्यानं तेव्हा मला जे सांगितलं, ते मी विसरलेलो नाही. तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला गोगलगाय दिसते. आम्हाला आधी चाबूक दिसतो." चित्र एकच, कागद एकच. कोण कुठून पाहतो, त्यावर टोला कुणाच्या पाठीवर बसला ते ठरतं. मलिक अंबरच्या चित्रातला सावळा चेहरा एखाद्या हबशी वंशाच्या माणसानं पाहिला, तर त्याला माझ्या बायकोसारखं बादशहाचं हसू येईल, की आधी त्या रंगाची केलेली विटंबना दिसेल?

इतका वेळ दुसऱ्यांच्या चित्रांबद्दल बोललो. आता म्हशीबद्दल बोलायला हवं.

1986 ची गोष्ट. मी एकोणतिशीचा, आणि एका आडगावच्या शाखेचा नवा शाखाधिकारी. दिवस कर्जमेळाव्यांचे होते. गरिबांना दुभती जनावरं, शिलाई यंत्रं, हातगाड्या घेण्यासाठी बँकांनी कर्ज द्यायचं, वर सरकारी अनुदान. योजना वाईट नव्हती. त्यातून खरोखर उभी राहिलेली कुटुंबंही मी पाहिली. पण वरून आकडे यायचे. अमुक तारखेपर्यंत अमुक इतकी प्रकरणं मंजूर झालीच पाहिजेत. मग तालुक्याच्या गावी मांडव पडायचा, पुढारी यायचे, मंजुरीची पत्रं वाटली जायची. आणि जनावर खरेदी केल्याचा पुरावा म्हणून लाभार्थ्याचा म्हशीबरोबर फोटो काढायचा.

आमच्या शाखेत एक कारकून होता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिलेला, अक्षर मोत्यासारखं. फावल्या वेळात तो कोऱ्या व्हाउचरच्या पाठीवर बारीक चित्रं काढायचा. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी असंच एक चित्र कॅश काउंटरपासून लेजरच्या टेबलापर्यंत फिरलं आणि हसण्याच्या लाटेबरोबर माझ्या केबिनपर्यंत आलं.

चित्रात मांडव होता. मंचावर हार घातलेली मंडळी. समोर गावकऱ्यांची लांबच लांब रांग, प्रत्येकाच्या हातात कासरा. ते सगळे कासरे एकाच म्हशीच्या गळ्यात जाऊन मिळत होते! फोटोग्राफर काळ्या कपड्याखाली वाकलेला. म्हशीच्या शेपटीशी, एका हातात शेपटी आणि दुसऱ्या हातात पेन धरून, एक चष्मेवाला तरुण म्हशी मोजत होता: एक, दोन, तीन, चार. चष्मा माझा होता. भांगही माझाच होता.

मी त्याला आत बोलावलं. माझा आवाज चढला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, म्हैस कोणाची ते मी कुठं लिहिलंय?"

त्याच्या या वाक्यानं मी जास्तच भडकलो. कारण म्हैस कोणाची ते मला ठाऊक होतं. निदान पाच-सहा फोटोंतली म्हैस एकच आहे हे तिच्या एका शिंगावरून मला आदल्या आठवड्यातच कळलं होतं, आणि तरी मी त्या कागदांवर सह्या केल्या होत्या. आकडा पुरा करायचा होता. मी त्याला मेमो दिला. कार्यालयीन वेळेचा अपव्यय, बँकेच्या स्टेशनरीचा गैरवापर, वरिष्ठांचा उपमर्द. सोबत पुरावा म्हणून ते व्हाउचर जोडलं. तीन महिन्यांत त्याची लांब बदली झाली. मला बढती मिळाली. मेमोमुळे नव्हे, आकड्यांमुळे.

म्हणजे काय केलं मी? ज्याच्याशी खऱ्या मैदानात, म्हणजे खरेपणाच्या मैदानात, मला लढता येत नव्हतं, त्याचं मुंडकं मी कागदावर उडवलं. आणि त्या कागदालाच त्याचं चित्र टाचणीनं जोडून सरकारी तिजोरीसारखं जपून ठेवलं. त्याच्या व्हाउचरवर माझं व्यंगचित्र होतं, पण खरं हास्यास्पद चित्र माझ्या मेमोनं पूर्ण झालं. तो आयुष्यात पुन्हा मला भेटला नाही. मी त्याला शोधलंही नाही, हे खरं.

सत्ता चित्रं पुसते, तेव्हाही काही पुसलं जात नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात निजामशाहीचंच एक सचित्र हस्तलिखित आहे, 'तारीफ-ए-हुसेनशाही'. हुसेन निजामशहाच्या गौरवासाठी सोळाव्या शतकात तयार झालेलं. त्यातल्या चित्रांत सुलतानाच्या शेजारी त्याची राणी खुंजा हुमायून होती. नवऱ्यामागं काही वर्षं तिनं मुलाच्या नावानं राज्य चालवलं, मग तिला सत्तेवरून दूर करून कैदेत टाकलं गेलं. त्यानंतर कुणीतरी त्या चित्रांतली राणी बहुतेक ठिकाणी पुसून टाकली. आज तिथं डाग आहे. पण चित्र पाहणाऱ्याची नजर सुलतानावर टिकत नाही, ती त्या डागावर जाते. इथं कोण होतं, असं विचारल्याशिवाय कुणी पान उलटत नाही.

आणि जहांगिराच्याच दरबारातल्या हाशिम नावाच्या चित्रकारानं मलिक अंबरचं एक साधं व्यक्तिचित्र काढलं आहे. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यात घुबड नाही, भाला नाही. बाजूनं दिसणारा वयस्क चेहरा, भारदस्त शरीर, शांत नजर. त्याच दरबारात, त्याच काळात, एका चित्रकारानं शत्रू जसा होता तसा पाहिला आणि कागदावर उतरवला. माणूस जसा आहे तसा काढणं, हेच कधी कधी दरबाराला दिलेलं सर्वांत सभ्य उत्तर असतं.

संध्याकाळी पाऊस थोडा ओसरला. पुस्तकाची पानं बऱ्यापैकी सुकली होती. बायकोनं कपाट लावता लावता विचारलं, "त्या कारकुनाचं चित्र आता कुठं असेल हो?"

मी म्हटलं, "असेल कुठल्यातरी फाईलमध्ये. नाहीतर रद्दीत गेलं असेल."

"तुमच्याकडे असतं तर?"

असतं, तर मी ते चौकट करून इथं, या ओल आलेल्या भिंतीवर, दाराच्या समोर लावलं असतं. येणाऱ्याला आधी ती म्हैस दिसली असती, आणि नीट वाकून पाहणाऱ्याला तिच्या शेपटीशी उभा असलेला मी.

खाली स्टेशनात गाडी शिरल्याचा आवाज आला. घाट चढून आली होती. बँकर सुटला असेल.